पोतडीतल्या गोष्टी: घरी बायबल सांगतानाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

थोरली सहा वर्षांची आहे, धाकट्याला नुकतीच चार पूर्ण झाली. आज जेवणं झाल्यावर थोरलीला सहज म्हटलं, "नोहाची गोष्ट सांग बघू." तिने एका दमात संपवली. "प्राणी बोटीत बसले, पाऊस आला, इंद्रधनुष्य आलं." तिच्या चित्रांच्या पुस्तकात तेवढंच आहे आणि ते पुस्तक तिला पाठ आहे. आम्ही दोघं तिला चित्रं दाखवत आलो, गोष्ट सांगायची राहूनच गेली.

आजपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे येशू पुन्हा उठला त्या सणापर्यंत, बरोबर बारा आठवडे आहेत. तेवढ्या काळापुरतं असं ठरवलं: सांगायच्या आधी मूळ अध्याय मी दोनदा वाचायचा. मग पुस्तक मिटून तोंडी सांगायचं. दहा मिनिटांच्या वर जायचं नाही. एकच गोष्ट आठवड्यातून तीनदा, कारण या वयात मुलांना नव्या गोष्टीपेक्षा कालचीच गोष्ट जास्त हवी असते. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जे नाही ते शास्त्रात आहे असं सांगायचं नाही. गोष्टींना लागणाऱ्या वस्तू ठेवायला एक कापडी पोतडी.

काही गोष्टी बाजूला काढल्या. बापाच्या नवसापायी बळी गेलेल्या इफ्ताहाच्या मुलीची, जळून गेलेल्या सदोम शहराची, आणि अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेतो ती. ही शेवटची मुलांच्या पुस्तकांत सर्रास असते. पण ती ऐकणारं मूल इसहाकाच्या जागी बसून ऐकतं, आणि सांगणारा मी त्याचा बाप आहे. ती गोष्ट थांबेल.

१० जानेवारी

उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, पहिला अध्याय. लहान मुलांना सांगण्यासाठीच बांधला आहे असं वाटावं इतका तो तोंडी सांगायला सोपा आहे. "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" हे पालुपद दुसऱ्या दिवसापासून धाकट्याने उचललं. त्याला सृष्टीचा क्रम कळला की नाही कोण जाणे, पण प्रत्येक दिवस त्यानेच संपवला, आणि तो संपवल्याशिवाय मला पुढे जाऊ दिलं नाही.

चौथ्या दिवसाला थोरली अडली. "सूर्य आत्ता झाला? मग पहिल्या दिवशी उजेड कुठून आला?"

माझ्या डोक्यात दोन-तीन उत्तरं तयार होती. मी म्हटलं, "शास्त्रात तसंच आहे, आधी उजेड, मग सूर्य." ती गप्प झाली, पण हिरमुसली नव्हती, विचारात होती. मोठ्या माणसांनीही शतकानुशतकं या प्रश्नावर लिहिलं आहे. तिला तो सहाव्या वर्षी स्वतःचा स्वतः सापडला, तर तो तिच्याजवळ काही दिवस राहू दे.

१४ जानेवारी

एदेन बाग, आदाम आणि हव्वा मना केलेलं फळ खातात ती गोष्ट, थोडक्यात. "सफरचंद!" दोघंही ओरडली. उत्पत्तीत फक्त "फळ" म्हटलंय, कुठलं ते लिहिलेलं नाही, हे सांगितलं. थोरलीला याचा फार आनंद झाला. चित्राच्या पुस्तकात चूक असू शकते, ही तिला नवीनच बातमी.

१७ जानेवारी

नोहा. तारवाची, म्हणजे नोहाच्या बोटीची, मापं सांगितली: तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. आपल्या भाषेत "हात" हे माप आहे याचा इथे फार उपयोग झाला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पोतडीत एक सुताची दोरी होती. माझ्या हाताने दहा हात मोजले, गाठ मारली. मग थोरलीने तिच्या हाताने दहा मोजले, तर ते माझ्या गाठीच्या बरेच आधी संपले. "म्हणजे मी बांधलं असतं तर तारू छोटं झालं असतं," ती म्हणाली. प्रौढ माणसाचा हात साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर तारू सुमारे १३५ मीटर लांब होतं. घरात तेवढी दोरी पसरायला जागा नाही, म्हणून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती वेळा जावं लागेल ते चालून पाहिलं. तिसऱ्या फेरीला धाकटा बसला. पण तारू मोठं होतं हे त्याच्या पायांना कळलं.

पुढचा भाग मी घाईने उरकला. पाऊस, पाणी, इंद्रधनुष्य. बाकीच्या लोकांचं काय झालं हे कुणी विचारू नये, म्हणून थेट धनुष्यावर उडी मारली. ती उडी मारताना मला माहीत होतं की मी उडी मारतोय.

१८ जानेवारी

आज आंघोळीची बादली भरत असताना धाकटा मागे सरकला. "पाणी थांबव." आधी कळेना. मग विचारलं, "बाकीचे लोक कुठे गेले, बाबा?" त्याने कालच्या घाईतून नेमका तोच भाग उचलला होता. त्याच्या आईने त्याला कडेवर घेतलं. मी नळ बंद केला.

रात्री उत्पत्तीचा सहावा ते नववा अध्याय पुन्हा वाचला.

२१ जानेवारी

नोहा पुन्हा, नव्याने सांगितला.

लोक मेले, हे सरळ सांगितलं. माणसांचा दुष्टपणा पाहून देवाच्या मनाला दुःख झालं असं शास्त्रात लिहिलंय, हेही सांगितलं. त्यावर बोलत बसलो नाही आणि आवाजही बदलला नाही. मग सगळा वेळ तारवाच्या आत घालवला. मुलांच्या पुस्तकांतला चाळीस दिवसांचा पाऊस सगळ्यांना ठाऊक असतो, पण महिने आणि तारखा मोजल्या तर नोहाचं घर वर्षाहून जास्त काळ आतच होतं. खिडकी उघडणं, आधी कावळा, मग पारवा. पहिल्यांदा पारव्याला पाय टेकायला जागा मिळत नाही म्हणून तो परत येतो, आणि नोहा हात बाहेर काढून त्याला धरतो, आत घेतो. या एका ओळीवर मी थांबलो. हात बाहेर काढून दाखवला. धाकट्याने माझ्या तळहातावर आपली मूठ ठेवली, मी ती आत ओढून घेतली. हे त्याने सहा वेळा करायला लावलं.

मग सात दिवसांनी जैतुनाचं पान. मग आणखी सात दिवसांनी पारवा आलाच नाही. "तो हरवला?" "नाही, त्याला आता झाड मिळालं."

धनुष्य शेवटी. देव म्हणतो, धनुष्य पाहून मी माझा करार आठवीन. ते आपल्यासाठी आहे तसं त्याच्या स्वतःच्या आठवणीसाठीही आहे, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. "करार" शब्द ठेवला. "पक्कं वचन" एवढाच अर्थ दिला.

बादलीची भीती लगेच गेली नाही. चार दिवस लागले.

२८ जानेवारी

शमुवेल. दिवा मालवून सांगितली, कोपऱ्यात एक छोटा दिवा ठेवून, कारण मूळ कथेत देवाचा दिवा अजून विझला नव्हता आणि मुलगा झोपला होता. थोरली शमुवेल, मी एली, म्हणजे ज्या म्हाताऱ्या याजकाजवळ (पुजाऱ्याजवळ) तो मुलगा मंदिरात राहायचा तो. मी दुसऱ्या खोलीत जाऊन पडलो. हाक मारायचं काम त्यांच्या आईने केलं. थोरली तीनदा धावत आली, "तुम्ही मला हाक मारली ना?" आणि मी तीनदा म्हटलं, "मी नाही मारली, जा, नीज." तिसऱ्यांदा एलीच्या ध्यानात येतं की मुलाला परमेश्वर बोलावतो आहे. "बोल, तुझा दास ऐकत आहे." "दास" म्हणजे काय ते तिने विचारलं. "जो सांगितलेलं काम मनापासून करतो तो," म्हटलं. ते पुरेसं नाही हे मला कळतं. पण शब्द गाळायला मन झालं नाही.

बहुतेक ठिकाणी गोष्ट या वाक्यावर संपवतात. पुढे देव त्या मुलाला एलीच्या घराण्यावर येणाऱ्या शिक्षेची बातमी देतो. ती मी तपशिलात सांगितली नाही. एवढंच सांगितलं की बातमी वाईट होती, शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठून त्याने दारं उघडली, आणि एलीला सांगायची त्याला भीती वाटत होती. थोरलीला हे फार आवडलं. भीती वाटते आणि तरी सांगावं लागतं, हे तिला शाळेतून चांगलं ठाऊक आहे.

पण आजचा प्रश्न धाकट्याचा. शमुवेलाची आई हन्ना दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून न्यायची, हे मी ओघात बोलून गेलो होतो. तो म्हणाला, "पण तो तिच्याजवळ राहत नव्हता ना? मग तो किती वाढलाय ते तिला कसं कळायचं?"

मी दुसऱ्या अध्यायातलं ते वाक्य किती वेळा वाचलंय. हा प्रश्न मला कधी पडला नाही. उत्तर नाही माझ्याकडे. त्यांच्या आईने उठून धाकट्याचा जुना सदरा काढला आणि त्याच्या अंगाला लावून पाहिला.

११ फेब्रुवारी

मधला एक आठवडा तापात गेला, दोघांच्याही.

दावीद आणि गल्याथ, मेंढपाळ पोरगा गोफणीने धिप्पाड योद्ध्याला पाडतो ती. गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत, म्हणजे जवळपास तीन मीटर. (काही प्राचीन प्रतींमध्ये चार हात एक वीत आहे, तोही तेव्हाच्या मानाने अंगापिंडाने थोर माणूस.) खडूने फरशीवर आडवा गल्याथ काढला. धाकटा त्याच्या आत झोपला तर गुडघ्याच्या थोडासाच वर पोचला.

गोफण काय असते ते दाखवलं, कापडाची पट्टी आणि मधे खोबण. दगडाऐवजी मोज्यांचा गोळा. ही चूक झाली. पुढचे दोन दिवस धाकट्याने बहिणीवर जे हाताला लागेल ते भिरकावलं आणि दर वेळी "मी दावीद" म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिच्या भुवईवर खोक पडली.

१४ फेब्रुवारी

गोफण पोतडीतून काढली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय परत उघडला आणि पाहिलं की दगड सुटतो ते एक वाक्य आहे. त्याच्या आधी जवळजवळ पन्नास ओव्या आहेत. दावीद भावांसाठी शिदोरी घेऊन येतो. भाऊ रागावतो, "रानातली मेंढरं कुणावर सोडून आलास?" मग शौल राजा त्याला आपलं चिलखत आणि टोप घालतो आणि दावीद म्हणतो, हे घालून मला चालता येत नाही, मला सवय नाही.

तोच भाग आज खेळलो. माझा जाड कोट, माझे बूट, डोक्यावर पातेलं. धाकटा दोन पावलं टाकून बसला आणि म्हणाला, "मला सवय नाही." मग सगळं काढून ठेवलं आणि मेंढपाळाच्या पोतडीत पाच गुळगुळीत गोटे, तेवढेच. त्याने ते बोटांवर मोजले. फेकले नाहीत, कारण या वेळी गोष्ट फेकण्यापाशी थांबलीच नाही, पुढे गेली. डोकं कापल्याचं मी गाळलं. थोरली वाचायला लागली की तिला ते दिसेलच, आणि तेव्हा बोलू.

१८ फेब्रुवारी

दानीएल. एका बैठकीत झाली. नोंदवण्याजोगं एक: सिंहांच्या गुहेत टाकला तेव्हा तो म्हातारा होता. तरुण असताना बाबेलात (बॅबिलोनला) नेलेला माणूस, मधे राजे बदलले, राज्य बदललं. चित्रांत तो नेहमी तरणाबांड असतो. थोरलीला दानीएलपेक्षा राजाची काळजी वाटली, कारण त्या रात्री तो जेवला नाही आणि त्याला झोप लागली नाही. आरोप करणाऱ्यांचं आणि त्यांच्या बायकामुलांचं काय झालं तो शेवट मी सांगितला नाही. गाळलेल्या गोष्टींची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवतोय.

२५ फेब्रुवारी

योना, देवाचा निरोप निनवे शहराला न्यायचं टाळून पळाला आणि माशाने गिळला तो. चारच अध्याय, पण प्रत्येकात काहीतरी चालू आहे. टेबलावर चादर टाकून खाली माशाचं पोट. देवमासा म्हणायचं टाळलं, कारण मूळात "मोठा मासा" एवढंच आहे. तीन दिवस आणि तीन रात्री. अंधारात धाकट्याला भीती वाटली नाही, उलट बाहेर यायला तयार नव्हता.

मी पण तिसऱ्या अध्यायावर थांबलो, सगळेच थांबतात तसा. योना निनवेला गेला, लोक सुधारले, संपलं.

३ मार्च

चौथा अध्याय सांगितला. योना रुसतो. इतक्या वाईट लोकांना देवाने माफ केलं म्हणून त्याला राग येतो. मुलांना राग लगेच कळतो. भांडणात दुसऱ्याला शिक्षा झाली नाही की कसं वाटतं ते त्यांना रोज अनुभवायला मिळतं. मग वेल वाढते, सावली देते, सकाळी अळी ती कुरतडते, ऊन चढतं, योना म्हणतो यापेक्षा मेलेलं बरं. आणि देव विचारतो: तुला त्या वेलीची कीव येते, मग ज्या शहरात एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांना आपला उजवा हात कुठला आणि डावा कुठला ते कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्याची मला कीव येऊ नये का?

धाकट्याने आपले दोन्ही हात समोर धरले. पाहिले. "मलाही नाही कळत," तो म्हणाला.

काही भाष्यकार त्या माणसांचा अर्थ लहान मुलं असाच घेतात. मी ते वाचलं होतं, पण ते त्याला सांगायची गरज पडली नाही.

थोरलीने विचारलं, "मग योना काय म्हणाला?" पुस्तक तिथेच, प्रश्नावर संपतं. तिला हे पटलं नाही. "असं कसं संपेल?" ती दिवे मालवल्यावरही पुटपुटत होती.

४ मार्च

सकाळी दात घासताना थोरली: "तो म्हणाला असेल, बरं, पण वेल परत दे." ब्रश धुतला आणि गेली.

१० मार्च

हरवलेलं मेंढरू, येशूने सांगितलेली गोष्ट, लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. पोतडीत शंभर गुंड्या, बटणं म्हणतात ती, घरातल्या जुन्या डब्यातली. आधी मोजून दहा-दहाच्या रांगा लावल्या. मग डोळे मिटायला लावून एक काढून लपवली. परत मोजलं: नव्याण्णव. इथपर्यंत उत्तम.

मग मी समजावायला लागलो. मेंढपाळ म्हणजे येशू, मेंढरू म्हणजे आपण, हरवणं म्हणजे वाईट वागणं. धाकटा गुंड्या डब्यात भरायला लागला. थोरली म्हणाली, "कळलं." त्या "कळलं"चा सूर मी ओळखतो. शाळेत बाई बोलत असतात तेव्हा मुलं म्हणतात तसा.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी गोष्ट संपवून तिचा अर्थ सांगितला, आणि पहिल्यांदाच कुणी काही विचारलं नाही. रात्री वही मागे चाळली. झग्याचा प्रश्न, हातांचा, वेलीचा, सूर्याच्या आधीच्या उजेडाचा. यातला एकही मी काढलेला नाही. मी तपशील नीट सांगून गप्प बसलो तेव्हा ते आले.

१३ मार्च

तीच गोष्ट, अर्थाशिवाय. लूकमध्ये येशू शेवटी म्हणतो की एका माणसाने पश्चात्ताप केला तर स्वर्गात आनंद होतो. ते त्याचं वाक्य आहे, ते ठेवलं. माझी वाक्यं काढली. मेंढपाळाने मेंढरू खांद्यावर घेतलं आणि शेजाऱ्यांना बोलावलं. धाकट्याने लपवलेली गुंडी शोधून काढली आणि खांद्यावर ठेवली. ती घरंगळली. परत ठेवली. मग विचारलं, "बाकीची नव्याण्णव रानात होती ना? त्यांच्याजवळ कोण थांबलं?"

२४ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मधल्या आठवड्यात वादळ शांत केल्याची गोष्ट झाली (येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर झोपला होता, उशी धाकट्याने आणली) आणि जक्कयाची, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. दोन्ही ठीक.

पुढच्या आठवड्याची काळजी वाटतेय. वधस्तंभ, म्हणजे क्रूसावरचं येशूचं मरण, किती सांगायचं? मुलांच्या आईशी बराच वेळ बोललो. ती म्हणाली, "खिळे नको, पण मेला हे सांग. शुक्रवारीच 'पण रविवारी उठला' असं लगेच जोडू नकोस." नोहाच्या वेळी मी मारलेली उडी तिच्या चांगलीच लक्षात आहे.

२९ मार्च, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

दिवसा सांगितली, रात्री नाही. येशूवर खोटे आरोप झाले, त्याला मारहाण झाली, कुरेनेकर शिमोनाला त्याचा वधस्तंभ उचलायला लावला. तो मेला. बायका लांबून पाहत होत्या. अरिमथाईच्या योसेफाने त्याला स्वच्छ तागाच्या वस्त्रात गुंडाळलं आणि कबरेत ठेवलं, दाराशी मोठी धोंड लोटली. मरीया नावाच्या दोन बायका समोर बसून राहिल्या. खोक्याची कबर केली होती, त्यावर पाटी टेकवली. धाकट्याने पांढरा रुमाल गुंडाळून आत ठेवला. "आता?" "आता काही नाही. उद्याही काही नाही."

थोरली थोडी रडली. मी तिला जवळ घेऊन बसलो, काही बोललो नाही.

३० मार्च

धाकट्याने दिवसभरात पाच वेळा विचारलं, पाटी काढू का. पाच वेळा नाही म्हटलं. हा दिवस मुलांच्या पुस्तकांतून पानासकट गायब असतो. आज तो घरात होता.

३१ मार्च, ईस्टर

सकाळी पाटी बाजूला होती, आत नुसतं वस्त्र. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय. त्या दोघींपैकी एक, मरीया मग्दालिया, कबरेबाहेर रडत उभी आहे. येशू तिच्याशी बोलतो, तिला वाटतं हा माळी आहे. मग तो फक्त म्हणतो, "मरीये."

मी इथे थांबलो. थोरली एकदम ताठ बसली. "बाबा, शमुवेलला पण नावानेच हाक मारली होती. आणि त्याला पण आधी कळलं नव्हतं कोण बोलावतंय."

मी आयुष्यभर या दोन्ही गोष्टी ऐकत आलोय. त्या मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

७ एप्रिल

ठरवलेला काळ संपला. बारा गोष्टी व्हायच्या होत्या, अकरा झाल्या. पोतडीत आता: गाठ मारलेली दोरी, पाच गोटे, शंभर गुंड्या, पांढरा रुमाल. पुढची रूथ, मग चांगला शोमरोनी. गाळलेल्या गोष्टींच्या यादीत सात नोंदी आहेत. थोरली आठ वर्षांची झाली की ती यादी उघडायची.

रात्री दोघांच्या खोलीतून आवाज आला म्हणून दाराशी थांबलो. थोरली धाकट्याला शमुवेल सांगत होती. दिवा, तीन हाका, सगळं बरोबर. झग्यापाशी आल्यावर तिने एक भर घातली: हन्ना दर वर्षी परत जाताना एलीजवळ एक दोरा ठेवून जायची, पुढच्या वर्षी तो शमुवेलाच्या अंगाला लावून, गाठ मारून पाठवून द्यायला.

मी आत जाऊन म्हटलं, "हे छान आहे, पण शास्त्रात नाहीये बरं का."

"माहितेय," ती म्हणाली. "पण मग तिला माप कसं कळायचं?"